सत्कार झाला, आता संस्था वापर

(पत्र थोडं कमी करून, गाव, संस्था आणि शाखा वगळून छापत आहे.)

"ताई, नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग लातूरला राहून जेईईची तयारी. गेल्या वर्षी आयआयटीत नंबर लागला. आमच्या भागातून तिथं गेलेली मी पहिलीच मुलगी, असं सगळे म्हणतात. चौकात फ्लेक्स लागला, ग्रामपंचायतीनं शाल-श्रीफळ दिलं, क्लासच्या होर्डिंगवर माझा फोटो अजून आहे. इथं पहिल्या सेमिस्टरला एसपीआय, म्हणजे सेमिस्टरची दहापैकी सरासरी, ५.९ आला. प्रोग्रामिंगमध्ये डीडी. सर शिकवतात ते बऱ्यापैकी कळतं, पण शंका मनात मराठीत तयार होते, ती इंग्रजीत करेपर्यंत सर पुढं गेलेले असतात. हॉस्टेलच्या विंगमधल्या मुली वाईट नाहीत, पण त्यांच्या गप्पा ट्रिपच्या, सिरीजच्या, ऑलिम्पियाडच्या कॅम्पच्या. लॅबमधला एक मुलगा हसत हसत म्हणाला, 'तू सुपरन्युमररीवाली ना?' तेव्हापासून मी मागच्या बाकावर बसते. घरी मी ८.२ सांगितलंय. बाबा एसटीत कंडक्टर आहेत, पतसंस्थेचं कर्ज काढून पैसे भरलेत. मे महिन्यात क्लासवाले मला नव्या मुलांसमोर बोलायला बोलावणार आहेत. मला वाटतं माझी इथं यायची लायकीच नव्हती, चुकून नंबर लागला. कधी कधी वाटतं, सगळं संपवावं आणि निघून जावं. काय करू?"

अगं, तुझ्या पत्रातलं शेवटचं आधी घेते. 'सगळं संपवावं' म्हणजे शिक्षण सोडून गावी परतावं, एवढंच म्हणायचं असेल तर खालचं सगळं त्याच्यासाठीच लिहिलंय. पण त्यात जीव नकोसा होणं असेल, एखाद्या रात्रीपुरतं का होईना, तर हे वाचणं थांबव आणि १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही कुणीतरी उचलतं आणि मराठीत बोलता येतं. विंगमधल्या त्यातल्या त्यात जवळच्या मुलीचं दार वाजवून 'आज मला एकटीला झोपायचं नाही' एवढंच म्हटलंस तरी चालेल. कारणं देत बसायची गरज नाही. कॅम्पसवर समुपदेशक असतात, त्यांच्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी जा. तिथं जाणारी तू पहिली नसशील.

आता त्या ५.९ कडं वळू.

मी पवईला, म्हणजे आयआयटी मुंबईत शिकले, म्हणून तिथल्या पद्धतीनं सांगते. तुमच्याकडं थोडा फरक असेल, सांगाडा तोच. एए म्हणजे १०, मग एबी ९, बीबी ८, बीसी ७, सीसी ६, सीडी ५ आणि डीडी ४. डीडी म्हणजे पास. कुठली ग्रेड किती मार्कांना द्यायची हे शिकवणारे प्राध्यापक बहुतेक वेळा सगळ्या वर्गाचे मार्क समोर ठेवून ठरवतात. तुझा वर्ग म्हणजे आपापल्या शाळेत पहिली आलेली मुलं एका खोलीत कोंबलेली, आणि त्यातली निम्मी अर्ध्याच्या खाली असणारच. हे गणित आहे, त्यात लायकीचा प्रश्न येत नाही. आठपैकी एका सेमिस्टरला ५.९ आणि उरलेल्या सातांत सरासरी ८ काढलेस, तर प्रत्येक सेमिस्टरचं वजन (क्रेडिट) साधारण सारखं धरून शेवटचा सीपीआय, म्हणजे सगळ्या सेमिस्टरांची मिळून सरासरी, ७.७ च्या आसपास येतो. तू नापास झालेली नाहीस आणि काही कायमचं हातचं गेलेलंही नाही.

मात्र खोटा दिलासा देणार नाही. ब्रँच बदलायचा विचार मनात असेल तर तो आता सोडून दे, जिथं ती सोय आहे तिथंही त्यासाठी पहिल्या वर्षाचे मार्क फार वर लागतात. इंटर्नशिपला येणाऱ्या काही कंपन्या सीपीआयची रेघ मारतात, ६ ची किंवा ७ ची. काही शिष्यवृत्त्यांनाही अशी अट असते. म्हणजे या सेमिस्टरला सहाच्या वर जाणं हे काम आहे, आणि ते होण्यासारखं आहे. कसं, त्याकडं येतेच. आधी त्या पोराचा हिशोब चुकता करू.

आयआयट्यांमध्ये मुलींसाठी जादा जागा २०१८ पासून आल्या. त्याआधी दर शंभरात दहासुद्धा मुली नसायच्या. २०२० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर नेलं. सुपरन्युमररीचा अर्थच मुळी असलेल्या जागांच्या वर वाढवलेली जागा. त्या मुलाची किंवा त्याच्या मित्राची जागा काढून तुला दिलेली नाही. त्या जागांचा कटऑफ काही शाखांना खाली जातो, हे खरं आहे, ते झाकायचं कारण नाही. पण तो का जातो, हे त्याला विचार. मुलाला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवायला दोन एकर विकणारं घर मुलीला 'जवळच्याच कॉलेजला जा' म्हणतं. नंबर लागल्यावरसुद्धा कितीतरी मुलींना लांब पाठवत नाहीत. तुझ्या बाबांनी कर्ज काढून तुला पाठवलं, ही गोष्ट त्या टोमण्यापेक्षा फार मोठी आहे.

दुसरंही बघ. जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते, पण तिच्यानंतरची, आयआयटीसाठीची ॲडव्हान्स्ड अजूनही इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत होते. मराठीतून दहावी केलेली मुलगी दोन वर्षांत भाषा बदलून ते पेपर सोडवून आली, याला चुकून नंबर लागणं म्हणत असतील तर कठीण आहे. पवईत २०२३ च्या जुलैमध्ये सूचनाच निघाल्या की विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईईची रँक किंवा गेटचे (एम.टेक.साठीच्या परीक्षेचे) मार्क विचारणं योग्य नाही, कारण त्या प्रश्नाआडून जात आणि कोटा हुडकला जातो. तुमच्याकडं अशी सूचना असो वा नसो, पुन्हा कुणी म्हणाला तर 'हो, त्याच जागेवर आलेय. पुढचं रीडिंग तू घेतोस की मी घेऊ?' असं म्हण आणि काम सुरू कर. तरीही थांबला नाही तर लॅबच्या इन्चार्जला लेखी कळव. आणि उद्यापासून पुढच्या बाकावर बस. हे जरा दटावूनच सांगतेय. मागच्या बाकावरून फळ्यावरची सही सही नक्कल होते, शंका मात्र तिथून पुढं पोचत नाही.

तुला मनापासून सांगायचंय ते आता.

मी कराडहून १९९४ साली पवईला गेले. बॅचमध्ये मुली बोटांवर मोजण्याइतक्या, सगळ्या हॉस्टेल टेनमध्ये. माझी रूममेट दिल्लीची, वडील केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर. हुशारीत ती माझ्यापेक्षा वरचढ नव्हती, हे मी आजही सांगेन. पहिल्या गणिताच्या क्विझचे पेपर दाखवायला दिले, तेव्हा आम्हा दोघींनाही मार्क बेताचेच होते. पवईत पेपर दाखवल्यावर मार्कांसाठी भांडायला जायचं, त्याला क्रिब म्हणतात. ही बया पेपर घेऊन कॉटवर मांडी घालून बसली, पेन्सिलनं समासात खुणा केल्या. इथं पद्धत बरोबर, फक्त चिन्ह चुकलं. इथं पायरी गाळली, पण उत्तर आलंय. मग मला म्हणाली, चल. मी गेले, पण गणित विभागाच्या व्हरांड्यात भिंतीवरच्या पाट्या वाचत उभी राहिले. आतलं सगळं मला ऐकू येत होतं. एका प्रश्नाला सरांनी दोन मार्क वाढवले. दुसऱ्याला साफ नाही म्हणाले. ती जराही हिरमुसली नाही. म्हणाली, "ठीक आहे सर, मग मी काय लिहायला हवं होतं?" आणि सरांनी खडू उचलला. पुढची वीसेक मिनिटं त्या बंद होत आलेल्या विभागात एका फर्स्ट इयरच्या मुलीसाठी स्वतंत्र तास चालला होता.

दोन मार्कांचं मला काही वाटलं नाही. त्या वीस मिनिटांचा मात्र हेवा वाटला. त्या वीस मिनिटांचे पैसे तिच्या फीमध्ये भरलेले होते. तसे ते माझ्याही फीमध्ये भरलेले होते.

नंतर चार वर्षं मी तिला बघत राहिले. लायब्ररीत नसलेलं पुस्तक मागवण्यासाठी अर्ज करता येतो, हे तिला ठाऊक. आजारी पडली तर प्रयोग पुन्हा करू द्या म्हणून विचारता येतं, हे ठाऊक. उन्हाळ्यात एखाद्या सरांच्या लॅबमध्ये बिनपगारी का होईना काम मागता येतं, हेही ठाऊक. हे तिला कुणी वर्ग घेऊन शिकवलं नव्हतं. घरी जेवायला मोठी माणसं यायची, त्यांच्याशी ती शाळेपासून वाद घालत आली होती. मोठ्या हुद्द्याचा माणूस म्हणजे ज्याच्याकडं आपलं काम असतं तो, एवढंच तिच्या लेखी. आपल्याकडं काय शिकवतात? मोठ्यांना उलट बोलू नये. कुणाला त्रास देऊ नये. कुणापुढं हात पसरू नये. वाईट काहीच नाही यात, मी माझ्या मुलांनाही हेच शिकवलं. पण अशा संस्थेत गेल्यावर हेच संस्कार पायात येतात. आपण तिथं दूरच्या श्रीमंत नातेवाइकाच्या घरी उतरल्यासारखे वागतो. पाणीसुद्धा मागायचं नाही, पलंगाच्या कडेला बसायचं, आणि कुणी 'कशी काय आलीस' म्हटलं की ओशाळायचं.

माझी आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. मला पवईत ते पटलं.

तुझ्या पत्रात 'लायकी' आहे, 'चुकून' आहे, 'वाटतं' आहे. पण 'मी सरांना विचारलं' असं एकही वाक्य नाही. टीएचा (प्राध्यापकांच्या मदतीला असलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांचा) उल्लेख नाही, फॅकल्टी ॲडव्हायझरचा (नेमून दिलेल्या सल्लागार प्राध्यापकांचा) नाही, सीनियर मेंटॉरचा नाही. प्रोग्रामिंगचा पेपर परत बघितलास का, तेही नाही. तू अभ्यास कमी करत असशील असं मला वाटत नाही. लातूरहून आलेली मुलगी बसायला कमी पडणार नाही. पण जेईईचा अभ्यास एकटीनं खोलीत बसून होतो, आणि तू आता आहेस तिथला अभ्यास माणसांकडं गेल्याशिवाय पुरा होत नाही.

म्हणून या महिन्यात काय काय करायचं, ते सांगते.

मिडसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, फेब्रुवारीच्या शेवटाकडं असेल. पेपर दाखवतील त्या दिवशी जायचंच, मार्क चांगले असोत की वाईट. मार्क वाढवून मागायचे नसतील तर नको मागू. एक प्रश्न निवड, जो का चुकला ते तुला कळलेलंच नाही, आणि तोच विचार. इंग्रजीची धास्ती असेल तर तुला एक गंमत सांगते. अशा ठिकाणी सगळ्यात कमी इंग्रजी लागतं. ओळीवर बोट ठेवायचं आणि 'सर, हाऊ धिस स्टेप?' म्हणायचं. व्याकरण चुकीचं, प्रश्न बरोबर, आणि सरांना उत्तर द्यायला तेवढं पुरतं. वर्गात शंका आली की मराठीत आली तशी वहीच्या कडेला खरडून ठेव. तास संपल्यावर पुढं जाऊन विचार. तेव्हा मागं वर्ग नसतो आणि सरांना घाई नसेल तर ते थांबतात. इंग्रजी सुधारण्यासाठी संस्था काही वर्ग चालवत असेल तर तिथं नाव घाल, आणि लाजू नकोस. पण इंग्रजी सुधारल्यावर मग शंका विचारीन, असं मात्र ठरवू नकोस. तो दिवस येत नाही.

ट्युटोरियलचे टीए असतात ना, ती एम.टेक. किंवा पीएच.डी. करणारी मुलं-मुली. त्यांच्याशी बोल. त्यांत तुला नांदेड, अमरावती, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून गेट देऊन आलेली सापडतील. तू ज्या घाबरगुंडीतून जातेयस त्यातून ती दोन वर्षांपूर्वी गेलेली असतात, आणि अर्ध्यांशी मराठीत बोलता येईल. ट्यूट शीट, म्हणजे ट्युटोरियलचे प्रश्न, आधी स्वतः सोडवून ने. कोरी शीट घेऊन गेलीस तर तोही बापडा काय करणार.

प्रोग्रामिंगच्या डीडीचं मला सर्वांत कमी वाटतं, आणि तुला सर्वांत जास्त लागलेलं दिसतंय. लातूरच्या दोन वर्षांत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सपलीकडं श्वास घ्यायला फुरसत नसते. शेजारच्या पोरानं शाळेतच पायथन गिरवलेलं असतं, अकरावी-बारावीला काँप्युटर सायन्स घेतलेलं असतं. तो वर्गात नवीन काही शिकत नव्हता, उजळणी करत होता. आणि तू की-बोर्डवर सेमिकोलन कुठं आहे ते शोधत होतीस. लोक म्हणतात दुसऱ्यांशी तुलना करू नये. मी म्हणते, करावी, पण धड करावी. त्याच्या चार वर्षांशी तुझ्या चार महिन्यांची तुलना केलीस तर निकाल तुझ्या बाजूनं लागतो. गेल्या सेमिस्टरच्या लॅबमधले सगळे प्रोग्रॅम पुन्हा काढ आणि बघून उतरवल्याशिवाय, कोऱ्या स्क्रीनवर, एकेक करून स्वतः लिही. अडलेला तेवढा टीएला दाखव. उन्हाळ्यात एनपीटीईएल या वेबसाइटवरची व्याख्यानं बघ, आयआयटीतल्याच प्राध्यापकांची आहेत, फुकट आहेत, पाहिजे तिथं थांबवून बघता येतात. वर्गातल्या सरांना थांबवता येत नाही, यांना येतं.

फॅकल्टी ॲडव्हायझरला ई-मेल कर. नाव, रोल नंबर, गेल्या सेमिस्टरचा एसपीआय, आणि 'मला भेटायचं आहे, केव्हा येऊ?' चार ओळी बस्स. रडगाणं लिहायचं नाही आणि माफी मागायची नाही. कोर्सचं ओझं जास्त होत असेल तर काय पर्याय आहेत, हे त्यांना माहीत असतं. ते सांगणं त्यांचं कामच आहे. एखादे सर तुसडे निघतील. निघतात. त्यांच्या शेजारच्या केबिनचं दार वाजवायचं.

यावरून बाबासाहेबांचं एक सांगते. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, पण त्यांनी परदेशातली विद्यापीठं कशी वापरली ते फारसं सांगत नाही. १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांच्या. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण हा माणूस इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या, तत्त्वज्ञानाच्या, मानववंशशास्त्राच्या वर्गांनाही जाऊन बसला. सेलिग्मन, ड्युई अशा प्राध्यापकांकडून जे घेण्यासारखं होतं ते घेतलं. १९१५ ला एम.ए. झाले. पुढं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले, तर १९१७ ला शिष्यवृत्ती संपली म्हणून अर्ध्यावर परतायची वेळ आली. तेव्हा ते नशिबाला बोल लावून नुसते बोटीत बसले नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली, १९२० ला परत गेले आणि १९२३ ला डी.एस्सी. मिळवली. ज्यांना गावच्या शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नव्हते, ते जगातल्या नामांकित विद्यापीठाला लिहून कळवतात की मला मुदत हवी आहे. माझ्यासारख्या भिडस्त बाईला त्यांच्या पदव्यांपेक्षा हे जास्त थक्क करतं.

विंगमधल्या मुलींबद्दल मला फार सांगायचं नाही. तू स्वतःच लिहितेस की वाईट नाहीत. सिरीज बघितल्या नसतील तर 'नाही बघितली' म्हण आणि तिथंच जेवत बस, उठून खोलीत जाऊ नकोस. आणि मार्कांशी ज्याचा संबंध नाही असं एक काहीतरी धर. गाणं, खो-खो, गणपतीची सजावट, काहीही.

आता घरचं. ८.२ सांगितलंस ते का, हे मला कळतं, त्यावर बोलणार नाही. पण मे महिन्यापर्यंत थांबू नकोस. येत्या रविवारी फोन कर. आईला आधी आणि बाबांना नंतर, असं करू नकोस. मग ते गुपित आईच्या गळ्यात पडतं आणि ती बिचारी महिनाभर एकटी कुढते. फोन स्पीकरवर ठेवायला सांग आणि दोघांना एकदम सांग: "माझे मार्क मी सांगितले त्यापेक्षा कमी आहेत. ५.९ आहेत. मी नापास नाही. भीती वाटली म्हणून खोटं बोलले. या सेमिस्टरला मी असं असं करतेय." एवढं बोलून थांब. बाबा पहिल्यांदा गप्प होतील. होऊ देत. कदाचित ओरडतील. सुट्या पैशांवरून रोज शंभर जणांची बोलणी ऐकून संध्याकाळी हिशोब बिनचूक जमा करणारा माणूस आहे तो. ५.९ ऐकून तो कोसळणार नाही. पण दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्याला लागेल, आणि मार्कांपेक्षा जास्त लागेल.

क्लासवाल्यांचं तू मनावर घेतलंयस त्याच्या निम्मंसुद्धा घ्यायचं कारण नाही. होर्डिंगवरचा तुझा फोटो ही त्यांची जाहिरात आहे. त्यांना त्या फोटोवर नवे प्रवेश मिळालेत, तुझा त्यांच्याशी व्यवहार तिथं मिटला. बोलावलं तर 'जमणार नाही सर' म्हणायला तू मोकळी आहेस. जावंसं वाटलं तर जा, पण यशोगाथा सांगायला नको. पुढच्या रांगेत बसलेल्या एखाद्या औशाच्या किंवा अहमदपूरच्या मुलीला हे सांग की तिकडं गेल्यावर पहिल्या आठवड्यात टीएचं नाव विचारून घे, आणि बारावीची परीक्षा झाल्यावर लागलेल्या सुट्टीत थोडं कोडिंग शीक. क्लासचे सर कदाचित मधेच माईक घेतील. घेऊ देत.

राहिले पैसे. तुझ्या पत्रातली पतसंस्था मला खटकली, कारण तिथलं व्याज बँकेच्या शैक्षणिक कर्जापेक्षा बहुधा चढं असतं. आयआयटीची बी.टेक.ची ट्युशन फी वर्षाला २ लाख आहे, पण घरचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ होते, आणि १ ते ५ लाखांच्या मध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ होते. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना तर उत्पन्न न बघता पूर्ण माफी आहे. तू यातल्या कुठल्या खान्यात बसतेस ते मला माहीत नाही, पण बाबांचा पगार धरता दुसरा खाना तपासून बघण्यासारखा आहे. माफी लागू असून ती घेतलेली नसेल तर अकॅडमिक ऑफिसच्या खिडकीवर जाऊन याच आठवड्यात विचार. हेही मागणंच आहे, आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

हॉस्टेल, मेस, लॅपटॉप यांच्या खर्चासाठी पीएम विद्यालक्ष्मी योजनेत अर्ज करता येतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं ती मंजूर केली. निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार न मागता बँकेचं कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असेपर्यंतच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे, आणि साडेचार लाखांच्या आत असेल तर तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना त्या काळातलं सगळं व्याज सरकार भरतं. म्हणजे इथून पुढचा खर्च तरी बाबांना पतसंस्थेकडून उचलायला लावू नकोस. अर्ज ऑनलाइन पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवरच होतो. ॲडमिशन लेटर, फीचा तपशील, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार आणि पॅन स्कॅन करून ठेव. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून लागेल. जुना असेल तर ३१ मार्चला त्याची मुदत संपते, तेव्हा त्याच्या तारखेवर आधी नजर टाक आणि गरज पडली तर बाबांना सुट्टीच्या दिवशी सेतू केंद्रात जाऊन नव्याचा अर्ज टाकायला सांग.